मधुमेहाचं पथ्य घरात कुठे अडतं आणि ते कसं मार्गी लावायचं

मधुमेह कळला की दवाखान्यातून बहुतेकांच्या हाती एक छापील कागद पडतो. एका रकान्यात ‘खा’, दुसऱ्यात ‘खाऊ नका’. कागद चुकीचा नसतो. फक्त तो असं धरून चालतो की रुग्ण एकटा राहतो, स्वतःचं स्वतः रांधतो, त्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे आणि त्याच्या घरी कधी पाहुणे येत नाहीत. महिनाभरात तो कागद फ्रिजवर चिकटलेला उरतो, जेवण पहिल्या वळणावर जातं आणि घरचे म्हणतात, ‘यांचा तोंडावर ताबाच नाही.’

जिभेला उगाच फार दोष दिला जातो असं माझं मत आहे. स्वयंपाक कोण करतं, बाजार कोण आणतं, डबा किती वाजता उघडतो, आग्रह कोण करतं आणि गोळी कोणती चालू आहे, पथ्य टिकतं की मोडतं हे बहुतेक वेळा या गोष्टींवर ठरतं. म्हणून पुढे काय खावं यापेक्षा ते घरात जमवायचं कसं, यावर जास्त लिहिलं आहे.

एक मर्यादा आधीच सांगते. हे सगळं टाइप २ मधुमेह नुकताच कळलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. टाइप १, गरोदरपणातला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जेवणाचा हिशोब वेगळा असतो. तो आपल्या डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञांकडूनच घ्या.

पायरी १ : आधी आपले आकडे आणि आपली गोळी ओळखा

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त, यावरून निदान होतं. त्रासाची लक्षणं नसतील तर एका अहवालावर न थांबता डॉक्टर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. उपचार सुरू झाल्यावर बऱ्याच जणांना एचबीए१सी ७ च्या आत, उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं लक्ष्य दिलं जातं. वय झालेल्यांना किंवा हृदयविकार असलेल्यांना ते सैल ठेवतात. शेजाऱ्याचं लक्ष्य ते आपलं लक्ष्य नव्हे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायला शिका. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याची भीती फार कमी. मात्र सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात आणि त्यापायी माणूस जेवणच टाळायला लागतो. ही गोळी जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतली तर त्रास कमी होतो. तरीही होत असेल तर डॉक्टर हळूहळू विरघळणारी गोळी देऊ शकतात, मनाने बंद करू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर गोष्ट वेगळी. औषध घेऊन जेवण चुकलं किंवा लांबलं की साखर घसरते. उपास, लांबचा प्रवास, लग्नातली चौथी पंगत हे सगळं अशा माणसासाठी औषधाच्या हिशोबातच धरावं लागतं. हा एक फरक कळला नाही तर पुढचे सगळे सल्ले अर्धवट राहतात.

पायरी २ : चार दिवस नुसतं लिहा

डॉक्टरांनी दिलेलं औषध सुरू करा, साखरेची सरबतं आणि कोल्ड्रिंक लगेच थांबवा आणि बाकी जेवण चार दिवस जसं आहे तसं चालू देऊन लिहून काढा. त्यातला एक दिवस रविवार असू द्या. काय खाल्लं, किती वाजता, कुणी वाढलं आणि कुणाबरोबर खाल्लं, एवढंच.

‘किती’ हे लिहिताना एकदाच स्वयंपाकघरातला काटा वापरा. रोज मोजायची गरज नाही, पण एकदा मोजल्याशिवाय डोळा तयार होत नाही. लहान फुलक्याला ३० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. ताटभर ज्वारीच्या भाकरीला ६० ते ८० ग्रॅम सहज लागतं, म्हणजे एक भाकरी दोन-अडीच फुलक्यांच्या बरोबरीची. ‘ज्वारी मधुमेहाला चालते’ हे ऐकून पोळीच्या जागी दोन-दोन भाकऱ्या खाणारे खूप आहेत, आणि साखर का उतरत नाही याचं त्यांना कोडं पडतं. भाकरी चांगलीच आहे, तिच्यात तंतू आहेत, पोट भरलेलं राहतं. पण ती मोजणीतून सुटत नाही. बाजरी-नाचणीचंही तेच.

वही वाचताना तीन खुणा करा. जिथे भूक लागली म्हणून खाल्लं, जिथे समोर आलं म्हणून खाल्लं आणि जिथे कुणाला नाही म्हणता आलं नाही म्हणून खाल्लं. या तिघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. भूक आहे तिथे पोटभरीचं दुसरं काहीतरी हवं. समोर येतं तिथे डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला तरी काम होतं. तिसऱ्या प्रकाराला बोलावं लागतं, त्यावर पुढे येते.

पायरी ३ : ताटाच्या दोन्ही बाजू वाढवा, मधलं कमी करा

आपल्या वाढण्याच्या रीतीत उत्तर आधीच आहे. ताटाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये पोळी-भात. बिघडलं ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर उरली, भाजी तोंडी लावण्यापुरती झाली, आमटी पातळ झाली आणि मधल्या पोळी-भाताने ताट व्यापलं. आपल्याकडच्या जेवणातली साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पिठूळ पदार्थांतून येते ती अशी.

मग करायचं काय, तर अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे किंवा चिकन, आणि उरलेल्या पाव ताटात भात, पोळी किंवा भाकरी. ‘किंवा’ हा शब्द नीट वाचा. पोळीही आणि नंतर भातही, ही आपली सवय आहे आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. ज्यांना शेवटचा ताकभात सोडवत नाही त्यांनी एक पोळी कमी करावी, भात सोडू नये. मन मारून सोडलेला भात पंधरा दिवसांनी दुप्पट होऊन परत येतो.

बटाटा, रताळं, सुरण, मका हे भाजीच्या अर्ध्या भागात धरू नका. पोळीबरोबर बटाट्याची भाजी म्हणजे मधल्याच भागाची दोनदा भरती. वरणाबद्दलही गैरसमज आहे. पाण्यासारख्या वाटीभर वरणात डाळ किती असते ते शिजवणाऱ्यालाच ठाऊक. त्यापेक्षा मोड आलेल्या मटकीची, मुगाची, चवळीची उसळ, झुणका, पिठलं, डाळमेथी हे पदार्थ पोटाला जास्त वेळ धरतात. खानदेशात कळण्याची भाकरी करतात, ज्वारीत उडीद घालून दळलेली. गव्हाच्या दळणातही किलोमागे दोनशे ग्रॅम हरभरा डाळ घातली तर घरातल्या कुणाला फार फरक कळत नाही आणि वेगळं ‘डायबेटिक’ पीठ विकत आणावं लागत नाही.

खाण्याचा क्रमही बघा. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ आणि मग पोळी किंवा भात, असं जेवल्यावर तेच अन्न असूनही जेवणानंतरची साखर कमी चढते. याला पैसा लागत नाही, सासूबाईंची परवानगी लागत नाही. जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर आणखी बरं. शतपावली आपल्याकडे आहेच, फक्त ती टीव्हीसमोरच्या सोफ्याने खाल्ली आहे.

कोकण-गोव्याकडच्यांना मात्र ‘भात सोडा’ सांगून उपयोग नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के, देशाचं ११.४ टक्के होतं. पण हे काही एकट्या भाताचं पाप नाही, वय, वजन, बैठं काम सगळंच त्यात आलं. शीतकढीच्या, म्हणजे भात-कालवणाच्या घरात उकडा तांदूळ ठेवावा, भात वाटीने मोजून घ्यावा, आणि मासळीचा तुकडा एकाऐवजी दोन. रव्यात घोळवून तळण्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात किंवा कालवणात. आणि ताटात पालेभाजी. हे शेवटचं मासेखाऊ घरात सगळ्यात अवघड जातं.

पायरी ४ : वेगळं पातेलं चढवू नका

‘यांच्यासाठी वेगळं करते’ हे प्रेमाचं वाक्य आहे आणि पथ्य मोडण्याची खात्रीशीर रीतही. सकाळी डबे, शाळा, नोकरी सांभाळून एका माणसासाठी वेगळी बिनतेलाची भाजी करणं महिनाभर चालतं. मग करणारी थकते, खाणाऱ्याला आपण आजारी असल्याची रोज आठवण होते आणि मुलांच्या ताटातला बटाटेवडा जास्तच चमचमीत दिसतो. ताटाची वर सांगितलेली मांडणी सगळ्यांनाच चालते, मुलांनासुद्धा. त्यांना पोळी-भात जास्त वाढा, बस. स्वयंपाक एकच.

म्हणून आहारतज्ज्ञांकडे जाताना घरात जो रांधतो त्याला बरोबर न्या. रुग्ण पुरुष असेल तर बहुतेक वेळा सल्ला तो ऐकतो आणि अमलात आणायचा बायकोने, तेही त्याने अर्धवट सांगितलेल्या माहितीवर. सल्ला देणाऱ्याने ओट्स, किन्वा, ब्रोकोली लिहून दिलं तर तिथल्या तिथे विचारा : ‘आमच्याकडे सकाळी पोहे, उपमा, थालीपीठ होतं. यातलं कसं बसवायचं?’ पोह्यांत निम्मे मटार, गाजर, फरसबी, वर मोड आलेले मूग किंवा बाजूला उकडलेलं अंडं. थालीपीठाबरोबर लोण्याऐवजी दही. चांगला आहारतज्ज्ञ यावर खूश होतो.

मधुमेह घरातल्या बाईला असेल तर पेच आणखी घट्ट. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते. तोवर भाजी संपलेली असते, भांड्यात भात आणि दोन पोळ्या उरलेल्या असतात, आणि ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून तिसरी पोळीही पोटात जाते. सकाळी शिळी पोळी चहाबरोबर. जेवायची वेळ तिच्या हातात नाही, भाजी तिच्या वाट्याला नाही आणि गोळी मात्र वेळेवर. अशा घरात एक गोष्ट करा. स्वयंपाक झाल्या झाल्या तिच्या वाटणीची भाजी आणि उसळ वाटीत काढून झाकून ठेवा. ती स्वतः ठेवणार नाही. नवऱ्याने किंवा मुलांनी ठेवायची. आणि उरलं तर फ्रिजमध्ये, तिच्या ताटात नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत दात बघा. कोशिंबीर, भाकरी, मोड आलेलं कडधान्य चावतच नसेल तर माणूस दूधपोळी, चहा-बिस्कीट, मऊ भात यांवर येतो आणि घरच्यांना वाटतं हट्टीपणा करतात. किसलेली काकडी दह्यात, दुधी-भोपळ्याची मऊ भाजी, पातळ पालेभाजी, मुगाचं धिरडं, मऊ ऑम्लेट असं काही सुरू केलं की अर्धं भांडण मिटतं. कवळीची दुरुस्ती हाही मधुमेहाचाच उपचार समजा.

पैशाचा प्रश्नही खरा आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, पालक मिळत नाही. महिनाअखेरीला ताटातली भाजी आटते आणि भात वाढतो. अशा वेळी महाग फळं, सुकामेवा, पाकीटबंद ‘शुगर फ्री’ यांवर एक पैसा घालू नका. मोसमातली स्वस्त भाजी, कोबी, दुधी, गवार, मुळा, मेथीची जुडी, अंडी, शेंगदाणे, सुकी कडधान्यं यांवर उत्तम पथ्य होतं. शेवग्याचा पाला दारात असेल तर तो फुकट आहे. शुगर आणि बीपीची तपासणी सरकारी दवाखान्यातल्या असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात मोफत होते, तिथून औषधंही मिळतात. खासगी तपासणीवर वाचलेले पैसे भाजीत जाऊ द्या.

पायरी ५ : चहा, चार वाजता आणि रात्रीचे साडेनऊ

वहीत सगळ्यात मोठा आकडा बहुतेक चहाचा निघतो. कपामागे दोन चमचे साखर, दिवसाला पाच चहा, म्हणजे दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाकाठी साधारण पंचवीस ग्रॅमच्या आत राहणं चांगलं म्हणते. एकदम बिनसाखरेचा चहा बहुतेकांच्या घशाखाली उतरत नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, आलं-गवती चहा वाढवा, महिन्याभरात जीभ वळते. ऑफिसातला मशीनचा चहा आणि टपरीवरचा तयार चहा आधीच गोड असतो, तिथे ‘बिनसाखरेचा’ असं दूध घालायच्या आधी सांगावं लागतं.

गूळ घातलेला चहा याच्यातून सूट देत नाही. गुळात बहुतांश साखरच असते, मधातही. काळसर दिसतो, गावाकडचा वाटतो, म्हणून रक्तातली साखर त्याला ओळखत नाही असं नाही.

चार वाजताची भूक खरी असते. दुपारी डबा एक वाजता, घरी जेवण रात्री साडेनऊला, मधे साडेआठ तास. तिथे वडापाव येणारच, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बॅगेत मूठभर भाजके चणे, शेंगदाणे, एखादा पेरू किंवा उकडलेलं अंडं ठेवा आणि ते लोकलमध्ये चढायच्या आधी खा, घरी पोचल्यावर नाही. रिकाम्या पोटी दार उघडणारा माणूस फरसाणाच्या डब्याकडेच जातो. ‘डायजेस्टिव्ह’ आणि मारी बिस्किटांना पथ्याचं रूप का आलं कोण जाणे. मैदा किंवा कणीक, साखर आणि तेल हेच तिथेही आहे.

रात्रीचं जेवण अलीकडे आणता आलं तर आणा. नाही जमलं, मुंबईत किंवा रात्रपाळीत जमत नाहीच, तर निदान रात्रीचं ताट दुपारपेक्षा हलकं ठेवा. पाळीत काम करणाऱ्यांनी गोळीच्या वेळा घड्याळाला नव्हे, आपल्या जेवणाला धरून डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

खानावळीत किंवा पोळी-भाजी केंद्रावर जेवणाऱ्यांनी पोळ्या कमी आणि भाजी दुप्पट घ्यावी. दोन भाज्यांचे थोडे जास्त पैसे लागतील. तर्री, रस्सा वाटीत ठेवून फक्त भाजी उचलली की तेल निम्म्यावर येतं.

पायरी ६ : उपास

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहींसाठीच असावी इतकी चपखल आहे. साबुदाण्यात जवळजवळ नुसतं पिठूळ सत्त्व आहे, प्रथिनं आणि तंतू नसल्यासारखेच. त्यात बटाटा, वर साखर, बाजूला वेफर आणि नंतर केळं. उपासाच्या दिवशी साखर नेहमीपेक्षा चढलेली दिसते ती यामुळे.

उपास सोडायला सांगणारी मी कोण. पण करायचाच तर राजगिऱ्याची भाकरी एक, दह्यातली काकडी, लाल भोपळ्याची किंवा भेंडीची भाजी ज्यांच्याकडे चालते त्यांनी ती, शेंगदाण्याची आमटी, ताक, पनीर. भगर साबुदाण्यापेक्षा बरी, पण तीही वाटीभरच, तिला भाताच्या जागी धरा. साबुदाण्याची खिचडी खायचीच असेल तर चार चमचे, भरपूर दाण्याचं कूट आणि दही घेऊन.

संकष्टीसारखा चंद्रोदयापर्यंतचा उपास वेगळा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहणं धोक्याचं आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असताना निर्जळी किंवा कडक उपास केला तर शरीरात पाणी कमी पडतं आणि रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो. नवरात्राच्या आधी, श्रावणाच्या आधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : ‘उपासाच्या दिवशी कोणती गोळी किती आणि कधी?’ गोळी आपल्या मनाने टाळणं हा त्याचा पर्याय नाही. देवधर्माचा संकोच वाटून लोक हे डॉक्टरांना सांगतच नाहीत.

‘दिवसातून दोनदाच जेवा’ असंही कुणीतरी सुचवेलच. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ही पद्धत महाराष्ट्रभर पोचवली : दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांत आटपायचं, मधे काही नाही. घराघरांत त्यावर वाद झाले, आजही होतात. कुणाला ती मानवते, कुणाला नाही. मला त्यात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. साखर घसरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणं तीन-चारची दोन करायची असतील तर औषधाचा डोस आधी बदलून घ्या. व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवशी सुरुवात नको.

पायरी ७ : ‘एकाने काय होतंय?’

तिळगूळ, पुरणपोळी, आमरस, मोदक, फराळ. महाराष्ट्रात वर्षाचे बारा महिने गोडाला कारण आहे. त्यात लग्नसराई, बारसं, हळदीकुंकू, कुणाचा तरी पेढा. कायमचं ‘नाही’ म्हणायचं ठरवलं तर संक्रांतीलाच हरायला होतं. त्यापेक्षा वर्षातले आपले सण निवडा. पुरणपोळी जिवाभावाची असेल तर होळीला एक खा, त्या दिवशी भात-पोळी नको, कटाची आमटी आणि भाजी भरपूर, नंतर चालून या. आणि ऑफिसमधला काजूकतलीचा डबा पुढे सरकवा, त्याच्याशी आपलं काही नातं नाही.

आंबा विष नाही. नासतो तो साखर घातलेल्या आमरसाच्या दोन वाट्या आणि चार पुऱ्यांनी. अर्धा हापूस फोडी करून, जेवणातली एक पोळी कमी करून, किंवा जेवणापासून वेगळा दुपारी खाल्ला तर बहुतेकांना पेलतो. कोणतंही फळ चावून खा, रस काढून नको. पेरू, पपई, संत्रं, जांभूळ, सफरचंद यांना हात सैल. चिकू, सीताफळ, द्राक्षं, केळं यांना आखडता.

आग्रहाचं उत्तर मात्र आधी तयार हवं, कारण ऐनवेळी सुचत नाही. ‘डॉक्टरांनी नाही सांगितलंय’ या वाक्याला आपल्याकडे किंमत नाही. समोरून ‘आमच्याही यांना आहे, ते खातात की’ येतं. ‘काकू, तुमच्या हातची अळूवडी वाढा ना अजून’ हे जास्त चालतं. वाढणाऱ्याला काहीतरी वाढायचं असतं, त्याला वाढू द्या. प्रसाद कणभर घ्या, डोक्याला लावा, उरलेला बरोबर असलेल्याला द्या. कुणी रागावत नाही. पंगतीत रिकामी जागा दिसली की वाढपी वाढतोच, तेव्हा गोडाच्या जागी आधीच कोशिंबीर घेऊन ठेवा.

लपवणं हा मोठा अडथळा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलीचं लग्न ठरायचंय, नोकरी नवी आहे, लोक काय म्हणतील, म्हणून मधुमेह घरातच ठेवतात. मग चारचौघांत पेढा नाकारता येत नाही आणि चक्कर आली तर आजूबाजूच्या कुणालाच कारण ठाऊक नसतं. सगळ्यांना नको, पण कामाच्या जागी एकाला आणि नात्यात दोघांना सांगून ठेवा.

पायरी ८ : ऐकीव औषधं

कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड, रोज एक नवा काढा येईल. मेथी भाजीत, मेथ्या आमटीत, कारलं ताटात छान. पण औषधाच्या जागी ते नको, आणि औषध चालू असताना मोठ्या प्रमाणात रस-पूड सुरू केली तर डॉक्टरांना सांगा, साखर खाली जाऊ शकते. ‘मुळापासून बरा करू’ म्हणणाऱ्यापासून पैसे आणि पाय दोन्ही वाचवा. मधुमेह औषधाविना आटोक्यात राहण्याची अवस्था खरी आहे, विशेषतः आजार नवा असताना आणि वजन बरंच उतरल्यावर. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत (२०१७) एका वर्षानंतर ४६ टक्के लोक तिथे पोचले होते. पण तेही देखरेखीखाली फार कमी उष्मांकाचा आहार घेऊन. ती अवस्थाही पक्की नसते, तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

पायरी ९ : आपल्या ताटाची परीक्षा आपणच घ्या

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज सकाळी एकच आकडा बघून खंत करण्यापेक्षा त्या हुशारीने खर्च करा. एखाद्या जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. आज दोन पोळ्या-भात, परवा तेच जेवण भातावाचून आणि दुप्पट भाजी. दोन आकडे शेजारी लिहिले की घरात वाद उरत नाही. कुणाला पोह्यांनी साखर चढते, कुणाला इडलीने, कुणाला दोन्हींनी थोडीशीच. एखादा आकडा वर गेला की घाबरणं आणि एखादा खाली आला की पेढे वाटणं, दोन्ही नको.

साखर ७० च्या खाली आली तर नियम सोपा आहे. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं दिसली की तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा घ्या आणि नंतर काहीतरी खा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी मात्र ग्लुकोज पावडरच जवळ बाळगावी. या गोळ्या नेहमीच्या साखरेचं पचन लांबवतात, त्यामुळे साखर किंवा चॉकलेट वेळेत कामाला येत नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. आणि असं एकदा घडलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, डोस बदलावा लागतो.

पुढच्या भेटीला जाताना ती चार दिवसांची वही, आकड्यांच्या जोड्या आणि सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, तेव्हा ‘साखर कमी कशी करू’ असं न विचारता ‘गुरुवारी मला रात्री दहाशिवाय जेवता येत नाही, गोळी कधी घेऊ’ असं विचारा. डोळे, पाय, लघवीतली प्रथिनं यांची वर्षातून एकदा तपासणी लिहून घ्या, आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ सुद्धा.